कबुलीनंतरची चौकशी

बेळगावातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले आणि कॅम्पचा भाग मागे पडला, की हिंडलगा लागते. १९२३ साली येथे मोठा तुरुंग उभा राहिला आणि तेव्हापासून गावाचे नाव त्या तुरुंगाला असे चिकटले, की दूरच्या माणसाने 'हिंडलगा' हा शब्द ऐकला तर त्याच्या डोळ्यांपुढे भाताची खाचरे उभी राहत नाहीत, उंच भिंती उभ्या राहतात. गावच्या माणसाला त्या भिंतींचे काहीच वाटत नाही. तो त्यांच्याजवळून रोज कामाला जातो; कोणी उद्यमबागेतील फाउंड्रीत, कोणी बसच्या आगारात, कोणी बँकेत किंवा सरकारी कचेरीत. भिंतीपलीकडच्या शिक्षेशी त्याचा संबंध जन्मात येण्याचा फारसा संभव नसतो. त्याला धास्ती असते ती निराळ्याच शिक्षेची. ती न्यायाधीश सुनावीत नाही आणि तिच्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. ती एका टंकलिखित कागदावर येते, शिपाई ती टेबलावर आणून ठेवतो आणि पोचपावतीवर सही घेऊन जातो.

या कागदाला आरोपपत्र म्हणतात. तो हाती पडण्यापूर्वीच ज्याने आपली चूक कबूल करून टाकली आहे, अशा माणसाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. आरोप नाकारणाऱ्याला निदान लढण्याचे धैर्य तरी असते. कबूल करणाऱ्याला वाटत असते, की आपण खरे बोललो, आता प्रकरण मिटले. आणि नेमके तेथूनच ते सुरू होते.

एक साधे उदाहरण कल्पनेने घ्यावे. हिंडलग्याचा एक तरुण कारखान्यात पाच-सहा वर्षे काम करीत आहे. त्याचा सोबती एके दिवशी उशिरा येणार होता, म्हणून याने त्याचे हजेरीचे कार्ड घड्याळात मारले. दरवाज्यावरील माणसाने ते पाहिले. सुपरवायझरने बोलावून विचारले तेव्हा याने आढेवेढे घेतले नाहीत. 'एवढं लिहून दे, वर मी सांभाळून घेतो,' असे सुपरवायझर म्हणाला. याने लिहून दिले: माझी चूक झाली, क्षमा असावी, पुन्हा असे होणार नाही. त्या रात्री त्याला शांत झोप लागली. पंधरा दिवसांनी आरोपपत्र आले. त्यात अप्रामाणिकपणा आणि कंपनीची फसवणूक असे दोन आरोप होते, आणि पुराव्याच्या यादीत पहिलाच कागद त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला होता.

हा विश्वासघात आहे काय? त्या तरुणाला आणि त्याच्या घरच्यांना तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु कायद्याची रीत समजून घेतली तर असे दिसते, की त्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. घटना घडली की नाही, हा एक प्रश्न. आणि तिच्याबद्दल काय करावे, हा दुसरा. कबुलीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दुसरा प्रश्न जसाच्या तसा शिल्लक राहतो, आणि तो सोडविण्याचा अधिकार कबुली घेणाऱ्या सुपरवायझरला बहुधा नसतोच.

नोकराने आरोप नाकारला तर तो सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते. मालकाला साक्षीदार आणावे लागतात, कागद दाखवावे लागतात, नोकराला उलटतपासणी करू द्यावी लागते. कबुली आली की हे सारे गळून पडते. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हे स्पष्ट शब्दांत सांगितले: नोकर दोष मान्य करीत असेल, तर व्यवस्थापनाने पुरावा आणलाच पाहिजे असा आग्रह धरणे हा केवळ पोकळ उपचार होईल. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६५ साली जे नियम झाले त्यांतही हीच दृष्टी आहे. सर्व आरोप लेखी कबूल केले, तर शिस्तभंगाचा अधिकारी आपल्याला आवश्यक वाटेल तेवढाच पुरावा पाहून निष्कर्ष नोंदवू शकतो. म्हणजे कबुलीचा एक कागद साक्षीदारांच्या अख्ख्या रांगेचे काम करतो. लिहिणाऱ्याला त्या क्षणी याची कल्पना क्वचितच असते.

तथापि प्रत्येक क्षमापत्र ही कबुली नव्हे. येथे न्यायालयांनी बरीच सूक्ष्म छाननी केली आहे. मध्य भारत सरकारच्या अबकारी खात्यातील एका नोकराला बडतर्फ करण्यात आले होते. आधीच्या एका चौकशीत त्याने जी निवेदने केली, तीच त्याची कबुली असे धरून पुढची रीतसर चौकशी खात्याने केलीच नाही. १९६१ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायालयाने ती निवेदने वाचून पाहिली आणि त्यांत स्पष्ट व निःसंदिग्ध अशी कबुली आढळत नाही, असे सांगून बडतर्फी रद्द ठरविली. स्पष्ट आणि निःसंदिग्ध हे दोन शब्द या विषयात फार मोलाचे आहेत. 'माझ्याकडून कदाचित दुर्लक्ष झाले असेल' हे वाक्य अपहाराची कबुली होऊ शकत नाही. 'रक्कम भरण्यास उशीर झाला' म्हणणाऱ्याने 'रक्कम खाल्ली' असे म्हटलेले नसते.

पोलिसांपुढील जबाबाचीही अशीच गोष्ट आहे. फौजदारी खटल्यात पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ही तरतूद होती आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. खात्याच्या चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही, म्हणून काही खाती पोलिसांकडील जबाबच उचलून आपल्या फायलीत लावतात. पंजाब नॅशनल बँकेच्या एका कर्मचाऱ्याची बडतर्फी अशाच कागदांवर उभी होती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. नुसता कागद हजर केल्याने त्यातील मजकूर सिद्ध होत नाही, असे सांगितले. पण याचा उलट अर्थ कोणी काढू नये. वरिष्ठापुढे, आपल्या हाताने, आपल्या इच्छेने लिहून दिलेल्या कबुलीला असे कोणतेही कवच नाही. तुरुंगाच्या वाटेवर जे संरक्षण आहे, ते नोकरी जाण्याच्या वाटेवर नाही.

या बाबतीतला सर्वांत उद्‍बोधक निकाल त्या राज्यातला आहे, ज्यात १ नोव्हेंबर १९५६ पासून हिंडलग्याचा समावेश झाला. म्हैसूर राज्याच्या पोलीस दलातील एका शिपायाने राजकीय स्वरूपाच्या हेतूने उपोषण आरंभिले. खात्याने त्याच्यावर आरोप ठेवले. शिपाई सरळ माणूस असावा. त्याने काहीच लपविले नाही. जे केले ते केले, असे चौकशी अधिकाऱ्यापुढे सांगितले. त्याला सेवेतून काढण्यात आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे त्याच्या वतीने असा युक्तिवाद झाला, की घटना मान्य करणे वेगळे आणि अपराध मान्य करणे वेगळे. आधारासाठी इंग्लंडमधील डरहॅमचा १९५२ चा एक निकाल पुढे करण्यात आला. त्या खटल्यात एकावर मोटारसायकल चोरल्याचा आरोप होता; त्याने 'गुन्हा कबूल' म्हटले, पण पुढे जे सांगितले त्यावरून चोरीचा हेतूच नव्हता असे दिसत होते. अशी कबुली खरी कबुली नव्हे, असे इंग्लंडच्या न्यायालयाने ठरविले होते.

सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद मानला नाही. चोरीच्या गुन्ह्यात हेतू हा गुन्ह्याचाच घटक असतो. हेतू वगळला तर चोरी उरत नाही. शिपायाच्या बाबतीत आरोप होता तो त्याने केलेल्या कृतीचा, आणि ती कृती त्याला मान्य होती. तेव्हा घटना कबूल केल्यावर अपराध कबूल नाही, असे म्हणण्याला जागा उरत नाही, असा निर्णय झाला. हा भेद बारीक आहे खरा, पण हजेरीचे कार्ड मारणाऱ्या आपल्या तरुणाला तो फार उपयोगी आहे. 'कार्ड मीच मारले' ही घटनेची कबुली. 'फसवणुकीच्या हेतूने मारले' ही निराळी कबुली, आणि ती त्याने दिलेली नाही. आरोपपत्रातला 'फसवणूक' हा शब्द हेतूवर उभा आहे. तो शब्द मान्य करायचा की नाही, याचा विचार त्याला उत्तर लिहिताना करावाच लागेल. दुसऱ्याचे कार्ड मारणे हेच जर कारखान्याच्या नियमांत गैरवर्तन म्हणून सांगितलेले असेल, तर मात्र हेतूच्या चर्चेने त्याची फार सुटका होणार नाही.

आता त्या सुपरवायझरच्या शब्दाकडे वळावे. 'वर मी सांभाळून घेतो,' असे म्हणून घेतलेल्या कबुलीचे काय? या प्रश्नाने महाराष्ट्रात एके काळी केवढे वादळ उठविले होते, हे आज फार थोड्यांना आठवत असेल.

आर्थर क्रॉफर्ड हे नाव मुंबईकरांना परिचित आहे, ते मंडईमुळे. महात्मा फुले यांचे नाव दिले गेल्यावरही ती मंडई लोकांच्या तोंडी क्रॉफर्ड मार्केटच राहिली. हा गृहस्थ मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, कर्तबगार आणि तितकाच उधळ्या. पुढे तो मध्य विभागाचा कमिशनर म्हणून पुण्यास असताना त्याच्या हाताखालील मामलेदारांकडून बदल्या-बढत्यांसाठी पैसे घेतले जातात, अशी चर्चा सुरू झाली. १८८८ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने त्याला निलंबित करून चौकशीसाठी आयोग नेमला. अडचण अशी होती, की लाच घेणाऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकणारे लोक म्हणजे लाच देणारेच. ते सारे सरकारी नोकर. तोंड उघडले तर स्वतःचेच गैरवर्तन कबूल होणार. तेव्हा मुंबई सरकारने त्यांना अभय दिले: खरे सांगा, तुमच्यावर खटला होणार नाही आणि खात्याकडूनही तुम्हाला तोशीस लागणार नाही. या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले आणि आपण पैसे दिले असे त्यांनी सांगितले.

निकाल विलक्षण लागला. आयोगाने क्रॉफर्डला लाचेच्या आरोपातून मुक्त केले. हाताखालच्या लोकांकडून नियमाविरुद्ध कर्ज घेतल्याचा दोष तेवढा त्याच्या माथी आला आणि त्यासाठी त्याला नोकरीवरून दूर करण्यात आले. कबुली देणारे मामलेदार मात्र उघड्यावर पडले. स्वतःच्या तोंडाने लाच दिल्याचे सांगणारी माणसे न्यायदानाच्या खुर्चीवर कशी बसू शकतात, असा गलबला विलायतेत आणि इंग्रजी वृत्तपत्रांत सुरू झाला. पद विकत घेणाऱ्याला ते पद भोगता येऊ नये, असा एक जुना इंग्रजी कायदाही लोकांनी शोधून काढला.

अभयवचनाचे काय, हा प्रश्न टिळकांनी उचलला. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात जाहीर सभा झाली. टिळकांची बाजू अशी नव्हती, की लाच देणे हे चांगले कृत्य आहे. ते एवढेच सांगत होते, की सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर माणसांनी आपली मान पुढे केली, आणि आता काम झाल्यावर सरकारला तो शब्द मोडता येणार नाही. अखेर १८८९ मध्येच साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. तरी सर्वांची पदे राहिली नाहीत. दबावाखाली पैसे देणारे आणि आपल्या बढतीसाठी आपण होऊन देणारे, असा भेद करण्यात आला आणि काही मामलेदारांना घरी जावे लागले.

हा भेद योग्यच होता, असे म्हणणारे आजही भेटतील. परंतु तो भेद कबुली घेण्यापूर्वी सांगितला असता, तर किती मामलेदार पुढे आले असते? ज्यांनी लाच देऊन मौन पाळले त्यांची खुर्ची शाबूत राहिली, आणि बोलणाऱ्यांची हलली. त्यांना शब्द प्रत्यक्ष प्रांताच्या सरकारने दिला होता. सुपरवायझरने दोन माणसांत, तोंडी दिलेल्या शब्दाची किंमत त्यावरून करावी. त्याला शिक्षा करण्याचा अधिकार नसतो, तसा माफ करण्याचाही नसतो. असे आश्वासन देऊन कबुली घेतली असेल, तर ती गोष्ट पहिल्याच लेखी उत्तरात, तारखेसह आणि त्या वेळी तेथे कोण होते हे लिहून, नोंदवावी. सहा महिन्यांनी अपिलात ती पहिल्यांदा मांडली, की ती मागाहून सुचलेली सबब वाटते.

चौकशी कशी चालवावी याचे जे नियम आज रूढ आहेत, त्यांची घडण करण्यात साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा मोठा वाटा आहे. १९६४ ते १९६६ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. पण कामगारांच्या दृष्टीने त्यांचे त्याआधीचे निकाल अधिक महत्त्वाचे आहेत. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या १९६३ च्या प्रकरणात त्यांनी एका प्रचलित खोडीवर बोट ठेवले. चौकशी सुरू झाली, की अधिकारी सर्वांत आधी आरोपी कामगारालाच समोर बसवून प्रश्नांची सरबत्ती करीत असे. त्याच्या तोंडून काही निसटले, की त्याच्याच आधारे पुढची इमारत उभी राही. मालकाने आधी आपला पुरावा मांडावा, मग कामगाराला विचारावे, असे गजेंद्रगडकरांनी बजावले. शिवाय ज्या अधिकाऱ्याने गैरवर्तन स्वतः पाहिले, त्यानेच चौकशीला बसू नये, हेही सांगितले. त्याच वर्षीच्या सूर इनॅमल कारखान्याच्या निकालात न्याय्य चौकशीच्या किमान अटी एकत्र आल्या: आरोप स्पष्ट कळविणे, साक्षी कामगाराच्या समक्ष घेणे, त्याला उलटतपासणीची आणि आपल्या बाजूने पुरावा देण्याची संधी देणे, आणि शेवटी कारणांसह निष्कर्ष लिहिणे. कबुली आल्यावर यांतील मधल्या पायऱ्या गळतात. पहिली आणि शेवटची गळत नाही. कबुली दिलेल्या माणसालाही आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे हे कळण्याचा, आणि निर्णय कोणत्या कारणाने झाला हे वाचण्याचा हक्क राहतो.

आरोप कळला पाहिजे म्हणजे तो समजणाऱ्या भाषेत कळला पाहिजे. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात या साध्या वाक्याला फार अर्थ आहे. घरात मराठी, शाळा मराठी, कामाच्या ठिकाणी कागद कन्नडमध्ये नाही तर इंग्रजीत, अशी अनेकांची स्थिती असते. तोंडाने कन्नड सफाईदार बोलणारालाही कचेरीची कन्नड वाचता येईलच असे नाही. अशा माणसापुढे तयार मजकूर येतो, 'येथे सही करा' म्हणून बोट दाखविले जाते, आणि सही होते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्याचे नियम इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावण्याची सक्ती केली, ती याच विचाराने. सही करणाऱ्याने दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ झाले: मजकूर समजला नसेल तर 'वाचून दाखविला नाही' किंवा 'अमक्याने मराठीत समजावून सांगितला' हे सहीच्या वर स्वतःच्या अक्षरांत लिहावे, आणि प्रत मागून घ्यावी. प्रत मागणे हा उद्धटपणा आहे अशी समजूत आपल्याकडे उगीचच रुजली आहे.

निपाणीकडच्या विडी कामगार स्त्रियांचा प्रश्न याहून बिकट. घरी पाने-तंबाखू नेऊन विड्या वळणाऱ्या बाईला आरोपपत्र कोण देतो? माल कमी भरला, पाने लपविली, असा ठपका येतो, अंगठा घेतला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून पाने मिळणे बंद होते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखेप करणाऱ्यांनाही कामगार मानले आणि सहा महिने काम केलेल्या कामगाराला महिन्याच्या नोटिशीवाचून काढता येणार नाही असे ठरविले. गैरवर्तनाचे कारण असेल तर नोटीस नको, पण मालकाने चौकशी करून समाधानकारक पुरावा नोंदविला पाहिजे. कागदावर हे संरक्षण चांगले होते. पाने देणे बंद करण्याला मात्र कागद लागत नाही, ही त्यातली खरी मेख.

चौकशी चालू असताना निलंबन झाले, तर घरात चूल पेटण्याचा प्रश्न प्रथम उभा राहतो. निर्वाहभत्ता ही मेहेरबानी नसून कायद्याने दिलेला हक्क आहे. स्थायी आदेशांच्या कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने पहिल्या ९० दिवसांसाठी निम्मे वेतन आणि, दिरंगाईचे कारण कामगार नसेल तर, त्यापुढे पाऊण वेतन असे प्रमाण घालून दिले, आणि २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच ठेवले आहे.

राहिला शिक्षेचा प्रश्न. ताकीद, वेतनवाढ रोखणे, खालच्या जागी बसविणे, सेवेतून काढणे आणि बडतर्फ करणे, अशी ही उतरंड आहे, आणि कबुली दिलेल्या माणसाची खरी लढाई याच ठिकाणी असते. प्रामाणिकपणे सांगितले, पूर्वीची नोंद स्वच्छ आहे, नुकसान क्षुल्लक आहे, या गोष्टी शिक्षा सौम्य होण्यास कारण ठरू शकतात. १९७१ च्या दुरुस्तीने कामगार न्यायालयांना शिक्षा कमी करण्याचाही अधिकार मिळाला; तोपर्यंत मालकाने चौकशी नीट केली असेल, तर शिक्षेच्या मापात न्यायालय सहसा हात घालीत नसे. परंतु या अधिकारावर फार भिस्त ठेवता येत नाही, विशेषतः जेथे दुसऱ्याचा पैसा हातात असतो तेथे. कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका वाहकाने पुष्कळ प्रवाशांना कमी दराची तिकिटे दिली होती. खालच्या न्यायालयाने त्याला दिलेला दिलासा २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला आणि अशा प्रकरणांतील सहानुभूती अस्थानी आहे, असे म्हटले. रक्कम किती, यापेक्षा ज्या विश्वासाने गल्ला हाती दिला त्याला तडा गेला की नाही, हे न्यायालय पाहते.

नोकरी गेल्यावर ग्रॅच्युइटीही जाते काय? १९७२ च्या कायद्यात नैतिक अधःपतनाच्या अपराधासाठी ती पूर्णतः अथवा अंशतः जप्त करण्याची तरतूद होती. त्यासाठी फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेली असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. त्याच निकालात महाराष्ट्रातील एस. टी. वाहकांची प्रकरणे होती. तेथे भाड्याची अपहृत रक्कम अगदी थोडी असल्याने जप्ती ग्रॅच्युइटीच्या २५ टक्क्यांपुरतीच ठेवण्यात आली. नोकरी वाचली नाही, पण तीन चतुर्थांश पुंजी वाचली. शिक्षेचे माप ठरविताना तपशील कसे कामी येतात, हे यावरून दिसावे.

म्हणूनच त्या तरुणाने आरोपपत्राचे उत्तर लिहिताना दोन टोके टाळली पाहिजेत. घाबरून सारेच नाकारणे हे एक टोक. पहिला कागद फायलीत असताना 'मी असे केलेच नाही' म्हटले, तर अपराध तर सिद्ध होतोच, वर खोटेपणाही पदरी पडतो आणि प्रांजळपणाचे जे थोडे पुण्य जमा होते तेही जाते. दुसरे टोक म्हणजे वैतागून 'सर्व आरोप मान्य' एवढेच लिहून मोकळे होणे. त्या तीन शब्दांत त्याने न केलेल्या गोष्टीही त्याच्या नावावर चढतात. जे घडले ते तारीख-वेळेसह, आरोपागणिक वेगळे लिहावे. जे घडले नाही ते तितक्याच स्पष्टपणे नाकारावे. सोबत्याचे कार्ड मारले, हे मान्य. त्याबद्दल पैसे घेतले नाहीत. सोबती त्या दिवशी अमुक वाजता कामावर हजर झाला आणि पाळी संपेपर्यंत होता. पूर्वी असे कधी झाले नाही. राजीनामा देऊन टाकण्याचा सल्ला या सुमारास हमखास मिळतो. तो देणाऱ्याला घाई असते, घेणाऱ्याला ती असण्याचे कारण नाही.

चौकशीच्या दिवशी सोबत आपला एखादा सहकारी न्यावा. बाजू मांडण्यासाठी त्याचा उपयोग होतोच, पण तेथे काय बोलले गेले याला एक कान साक्षी राहतो, हे अधिक. त्या दिवशीचे कामकाज लिहिले जाते आणि प्रत्येक पानावर सही घेतली जाते. अखेरीस अधिकारी बहुधा एक प्रश्न विचारतो: 'तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे?' दिवसभराच्या ताणाने थकलेली माणसे येथे मान हलवून 'नाही' म्हणतात आणि उठतात. कबुली दिलेल्या माणसाच्या बाबतीत शिक्षा सौम्य करण्याजोगे जे काही आहे, ते याच प्रश्नाच्या उत्तरात यायचे असते. सहा वर्षांची हजेरी, मिळालेली एखादी शाबासकी, घरची परिस्थिती, आणि सुपरवायझरने त्या दिवशी काय शब्द दिला होता, हे सारे त्याने बोलावे, आणि ते लिहून घेतले आहे हे पाहूनच शेवटच्या पानावर सही करावी.